लेक रडली तरी कडेवरून उतरवू नका

वाचकाचं पत्र

मास्तर, नमस्कार. माझं वय ३५. मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. लातूरला एका आडत दुकानात दिवाणजी आहे. मोठा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. धाकटी लेक पंधरा महिन्यांची. बायको खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिची रजा संपली, आता ती सकाळी साडेसातला ड्युटीवर जाते आणि तीनच्या सुमारास येते. सकाळभर लेकरं माझ्याकडं. मग मुलाला शाळेत सोडायचं, लेकीला शेजारच्या मावशींकडं द्यायचं आणि दुकान गाठायचं.

आई गेली की लेक रडायला लागते ती तासभर थांबत नाही. मी घेतलं तर आणखीच रडते. मोबाइल दिला तरच गप्प होते. मुलगा माझ्याशी बोलतच नाही, सगळं आईला सांगतो. मागच्या आठवड्यात नळाला पाणी आलं होतं. एकीकडं मोटर चालू, दुसरीकडं लेकीचं रडणं, आणि त्यानं भरलेली बादली लवंडली. मी त्याच्या कानाखाली दिली. तेव्हापासून मी दिसलो की तो आतल्या खोलीत जातो.

गावाकडं गेलो की आई म्हणते, "बापानं लेकरं धुवायची असतात व्हय?" दोस्तमंडळी हसतात. आमचे अण्णा कधी मायेनं बोलले नाहीत. आई सांगते, भूकंपाच्या रात्री त्यांनी मला कडेवर घेतलं ते उजाडेपर्यंत खाली ठेवलं नाही. पण मला कळायला लागल्यापासून त्यांनी पाठीवर हात ठेवल्याचं आठवत नाही. मला तसा बाप व्हायचं नाही, पण दुसरं काही मला जमत नाही असं वाटायला लागलंय. शेजारी म्हणतात, पोराला आत्तापासून फाउंडेशनच्या, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांची तयारी लहानपणापासून करून घेणाऱ्या, क्लासला टाका. त्यात सोयाबीनचा हंगाम तोंडावर आलाय, रात्री दहाच्या आत घरी येणं होणार नाही. काय करू?

उत्तर

भाऊ,

आधी लेकीचं घेतो. तिच्या रडण्याचा तुम्ही चुकीचा अर्थ लावलाय. तो मनातून निघाला तर तुमचं निम्मं ओझं उतरेल.

लेकरू आठ-नऊ महिन्यांचं झालं की आई आपल्यापासून वेगळी आहे, ती उठून जाऊ शकते, हे त्याला उमगायला लागतं. ती परत येते हे उमगायला मात्र आणखी बराच काळ जातो. साधारण दहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत ही धास्ती सगळ्यांत जास्त असते. तुमची लेक नेमकी त्या वयात आहे आणि नेमकी तेव्हाच आईची ड्युटी सुरू झाली. साडेसातला गेलेली आई तीनला येणार हे तुम्हाला माहीत आहे. तिला घड्याळ कळत नाही. तिच्या लेखी आई गेली ती गेली. एवढ्याशा जिवानं रडायचं नाही तर काय करायचं?

तुम्ही घेतलं की ती आणखी रडते, म्हणून तुम्हाला वाटतं की तिला तुम्ही नको आहात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचे वर्ग मी बरीच वर्षं सांभाळले. जूनमध्ये नवी लेकरं येतात. परक्या माणसापुढं लेकरू पुष्कळदा बिचकून बसतं, ओठ गच्च मिटून, हातातली पाटी घट्ट धरून. दिवसभर आवाज नाही. आणि शाळा सुटताना फाटकात आपलं माणूस दिसलं की तिथंच भोकाड पसरतं. रडायलाही आपलं माणूस लागतं, भाऊ. ती तुमच्या खांद्यावर एवढी रडते, कारण तिथं रडलं तरी चालतं हे तिला ठाऊक आहे. तेव्हा ती रडली की "माझ्याकडं राहत नाही" म्हणून तिला खाली ठेवू नका. रडू द्या, पण कडेवर रडू द्या.

आता बायकोशी बसून एक गोष्ट ठरवा. आपल्याकडं सर्रास काय करतात? एकानं लेकराला खिडकीशी नेऊन "ते बघ, काऊ आला" म्हणायचं आणि तेवढ्यात आईनं मागच्या दारानं सटकायचं. त्या वेळेपुरतं रडणं टळतं. पण लेकरू एवढंच शिकतं की आपलं लक्ष नसताना आई नाहीशी होते. मग आई घरात असतानासुद्धा ते तिला सोडत नाही, मोरीपर्यंत मागं जातं. तसं करू नका. आईनं जाताना तिला जवळ घ्यावं, "मी दवाखान्यात चालले, तू झोपून उठलीस की येते," एवढंच सांगावं, हात हलवावा आणि निघावं. रोज तेच शब्द, तोच दरवाजा. पुन्हा मागं वळून येऊ नये. निरोप लांबला की रडणंही लांबतं. ती शब्द समजून घेत नाही असं वाटेल, पण पंधराव्या महिन्यात लेकराला बोलता येतं त्याच्या कितीतरी पट कळत असतं.

त्यानंतरचा अर्धा तास तुमचा. तोही रोज सारखा असू द्या. तिला घेऊन बाहेर या, तुळशीला पाणी घाला, दूधवाल्याची गाडी बघा, समोरच्यांची शेळी असेल तर तिला पाला घाला, मग आत येऊन आंघोळ. क्रम बदलू नका. पुढं काय होणार हे लेकराला आधी कळलं की त्याचा जीव थाऱ्यावर येतो. आईची वापरलेली ओढणी किंवा जुन्या साडीचा तुकडा जवळ ठेवा. त्याचा वास तिला पुरतो. दोन-तीन आठवड्यांत रडणं तासावरून खाली यायला लागेल. मध्ये एखादा दिवस पुन्हा वाईट जाईल, सर्दी झाली, दात आले, की हटकून जातो. त्या दिवशी सगळं फसलं असं समजू नका.

आंघोळीबद्दल एकच सांगतो. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग त्यात गरम मिसळा आणि कोपर बुडवून बघा. हिशेबाच्या वह्या आणि पोती हाताळून आपल्या पंजाची कातडी जाड झालेली असते, तिला पाणी कोमट लागतं आणि लेकराला पोळतं. आंघोळ घालताना बोलत राहा. आता हात, आता पाय, आता डोक्यावर पाणी. गाणं येत नसलं तरी चालेल. नुसतं बोललात तरी ती ऐकते. लेकरं भाषा शिकतात ती अशाच बिनकामाच्या बोलण्यातून.

मोबाइल मात्र बंद करा. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं, सांगणं स्पष्ट आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये जवळपास हेच सांगितलंय. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईनं व्हिडिओ कॉल करून दोन मिनिटं तोंड दाखवलं तर ते चालतं, त्यात समोर माणूस असतं. पण रडली की फोन, ही सवय आत्ताच मोडा. पहिले तीन-चार दिवस घर डोक्यावर घेईल. फोनच्या जागी स्टीलचे दोन डबे, त्यांची झाकणं, एक पळी आणि कपड्यांचे मोठे चिमटे द्या. ती झाकण लावेल, काढेल, पुन्हा लावेल. आवाजानं तुमचं डोकं उठेल, तरी द्या.

शांत करायला म्हणून तिच्या हातात शेंगदाणे, फुटाणे किंवा बोरं मात्र देऊ नका. आपल्या घरांत हे हाताशी असतं आणि आजी-आजोबा मायेनं देतात. चार-पाच वर्षांखालच्या लेकराच्या श्वासनळीत अख्खा दाणा अडकू शकतो. कूट करून द्या. जेवणाला वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, वर तुपाची धार, मऊ शिजवलेली भाजी, अंडं चालत असेल तर अंडं. वर्षाच्या पुढं घरात जे शिजतं तेच लेकराचं जेवण, फक्त तिखट कमी. दोन घास कमी खाल्ले म्हणून घास घेऊन मागं पळू नका.

पाण्याबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण लातूरच्या घरांत ते टाळून चालत नाही. नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं, हौद आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हापासून तर रिकामं भांडं दिसलं की माणूस भरून ठेवतो. नुकतं चालायला लागलेलं लेकरू बादलीच्या काठाला धरून वाकतं आणि डोक्याचा भार जास्त असल्यानं उलटं आत जातं. वीतभर पाणी पुरतं. त्याला ओरडताही येत नाही, त्यामुळं आवाज येत नाही. पिंपांना घट्ट झाकणं हवीत, हौदावर फळी आणि त्यावर वजन, वापरून झालेली बादली पालथी. मोरीचं दार कडी लावून बंद. नळ येईल त्या दिवशी एकतर लेक मावशींकडं नेऊन द्या, नाहीतर पाणी थोडं कमी भरा. मोटर, पाइप आणि लेकरू अशी तिन्ही कामं एका माणसाला एका वेळी झेपत नाहीत. तुम्हाला झेपली नाहीत यात तुमची काही कमतरता नाही.

ती आता सोळाव्या महिन्यात जाईल. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर, पोलिओचा बूस्टर आणि जीवनसत्त्व अ चा डोस असतो. माता-बाल संरक्षण कार्ड घरात कुठं ठेवलंय हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आज बघून घ्या आणि या वेळी लस द्यायला तुम्ही स्वतः घेऊन जा. बायको नर्स आहे म्हणून दवाखान्याचं सगळं तिच्याकडं, अशी वाटणी पुष्कळ घरांत आपोआप होते. तिला दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना सुया टोचायच्या असतात. त्रिगुणीनंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, मांडी दुखते. त्या रात्री लेक कुणाच्या तरी खांद्यावर झोपणार, तर तुमच्या खांद्यावर झोपू द्या.

आता मुलाचं.

कानाखाली मारणं वाईट आहे हे तुम्हाला कळलंय, नाहीतर तुम्ही ते लिहिलंच नसतं. कानाखाली बसलेल्या चपराकीनं कानाचा पडदा फाटू शकतो. कान दुखतो म्हणाला किंवा हाक मारल्यावर एकाच बाजूनं ऐकतोय असं वाटलं तर दाखवून घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलांना मारण्यावर बंदी आणली आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. तेव्हा पुष्कळ पालक आम्हाला येऊन सांगायचे, "मास्तर, कायदा राहू द्या, तुम्ही बिनधास्त हाणा." मला ते कधीच पटलं नाही. मार खाल्लेलं लेकरू चूक करायचं थांबत नाही, चूक लपवायला शिकतं. तुमचा मुलगा आज आतल्या खोलीत जातोय. आत्ताच सावरलं नाही तर उद्या तो खोटं बोलेल.

त्याच्याशी बोला, पण थोडक्यात. त्याच्या शेजारी बसून म्हणा, "त्या दिवशी मी तुला मारलं. बादली लवंडली म्हणून मारायला नको होतं. पुन्हा मारणार नाही." एवढंच. "पण तूही जरा बघून चालायला पाहिजे होतं" हे शेपूट जोडू नका, त्यानं सगळं पाण्यात जातं. खेळणं आणू नका, आइस्क्रीमला नेऊ नका. माराची भरपाई वस्तूनं होते असं त्याच्या मनात बसायला नको. तो काही बोलणार नाही, बहुतेक खाली बघेल. मान हलवायला लावू नका. बापानं पोरापुढं चूक कबूल केली तर वचक जातो, असं सांगणारे भेटतील. वचक गेला तर जाऊ द्या. आठ वर्षांच्या पोराला वचकाचा काय उपयोग? त्याला अडचण आली तर ती बापाकडं घेऊन येता यावी, एवढं पुष्कळ आहे.

पुन्हा मारणार नाही म्हणालात की ते पाळावं लागेल, आणि राग तर येणारच. अपुरी झोप, नळाचं पाणी, दुकानाची घाई आणि रडणारं लेकरू, यात कुणालाही येईल. तेव्हा आत्ताच ठरवून ठेवा की हात शिवशिवला की काय करायचं. लेकीला बिछान्यावर किंवा झोळीत सुरक्षित ठेवा, मोटर बंद करा आणि दाराबाहेर जाऊन पेलाभर पाणी प्या. दोन मिनिटं लेकरू एकटं रडलं तर त्याला काही होत नाही. चिडून त्याला गदागदा हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पाणी सांडलेलं पुसता येतं, नळ पुन्हा येतो.

तो तुमच्याशी बोलत नाही याचं कारण एकटी चपराक नाही. तुम्ही त्याला दिवसभरात काय विचारता ते आठवून बघा. अभ्यास झाला का, डबा संपवला का, पेपरात किती पडले. ही तपासणी आहे, दुकानात पोतं उघडून मालाचा ओलावा बघावा तशी. तपासणीला पोरगं "हो" किंवा "नाही" म्हणतं आणि सुटतं. आई बोलतं करते, कारण ती भाजी निवडता निवडता बोलते, तोंडाकडं बघून विचारत नाही. पोरं समोरासमोर बसवल्यावर गप्प होतात आणि बरोबर काम करताना मोकळी होतात. शाळेत मला सगळ्या गोष्टी कळायच्या त्या फळा पुसताना, झाडांना पाणी घालताना. वर्गात उभं करून विचारलं असतं तर एकानंही तोंड उघडलं नसतं.

गाडीवरून शाळेत सोडता ती दहा-पंधरा मिनिटं तुमची आहेत. तिथं अभ्यासाचा विषय काढू नका. तुम्हीच काहीतरी सांगा, काल दुकानावर कोणाची कशी गंमत झाली, कोणत्या गावाहून कोण आलं. प्रश्न विचारू नका. पहिले काही दिवस मागून नुसता हुंकार येईल. मग एक दिवस शाळेतल्या भिंतीवरच्या पालीची गोष्ट सुरू होईल आणि फाटक आलं तरी संपणार नाही. त्या दिवशी दुकानाला पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

सुट्टीच्या एखाद्या दिवशी त्याला मोंढ्यात, तुमच्या धान्यबाजारात, घेऊन या. बाप दिवसभर काय करतो हे कितीतरी पोरांनी कधी बघितलेलंच नसतं. सौदा कसा निघतो, हमाल पोतं पाठीवर कसं घेतात, काटा कसा लावतात, ओलावा मोजायच्या यंत्रात दाणे टाकले की आकडा कसा येतो, हे त्याला बघू द्या. एक पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, त्याच्यापुढं ठेवा आणि हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात किती पडतात हे त्याला काढायला सांगा. तिसरीची वजाबाकी तिथं पक्की होईल. परत येताना गंजगोलाईवर थांबा आणि तिथं मिळणारे सोळा रस्ते त्याला मोजायला लावा. कुठल्या रस्त्याला काय विकतात हे सांगत सांगत एक फेरी मारा.

फाउंडेशनच्या क्लासचं इतक्यात डोक्यातून काढा. शिक्षणात लातूरचं नाव झालं ते दहावी-बारावीच्या पोरांच्या कष्टानं. त्याला तिसरीत जुंपायची गरज नाही. त्याला वाचायला येतंय, पाढे येताहेत, संध्याकाळी तो खेळतोय, एवढं बघा.

तुमच्या आईंच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या ज्या घरात नांदल्या, तिथं वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं लेकरू उचलणं मर्यादेत बसत नव्हतं. आजोबा नातवंडं खांद्यावर घेऊन गावभर फिरायचे, पण स्वतःचं पोर ओट्यावर रडत असलं तरी बाप नजर वळवून बैल सोडायला जायचा. मराठवाड्यातल्या किती तरी घरांत ही रीत होती. आईंना वाटतं, पोराचं हसं होतंय. त्यांच्याशी वाद घालू नका. त्या एकादशी करत असतील तर गंगाखेडच्या जनाबाईची आठवण द्या. जनीबरोबर दळण दळायला, शेण्या वेचायला, तिचे केस विंचरायला विठोबा आला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. देवाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते तुम्हाला का वाटावं? आणि दोस्तांचं म्हणाल तर त्यांच्यातल्या दोघा-तिघांच्या घरीही हेच चाललेलं असणार. ते कट्ट्यावर सांगत नाहीत, एवढंच.

अण्णांबद्दल मात्र तुमच्या मनात एक गाठ आहे, ती माझ्या उत्तरानं सुटणार नाही. तरी एक बोलतो. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड धाबं असलेली घरं झोपेतल्या माणसांवर बसली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या कितीतरी गावांत घरटी माणसं गेली. वाचलेले लोक पुढं महिनोन्‌महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, छपराखाली झोपायची भीती वाटायची म्हणून उघड्यावर पडले. त्यातून उठून पुन्हा घर उभं केलेल्या माणसांच्या तोंडून शब्द गेले. पुष्कळांचे गेले, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या अण्णांनी तुम्हाला उजाडेपर्यंत कडेवर धरलं, तेव्हा तुम्ही तीन वर्षांचे होता. त्यांची माया त्या रात्री जेवढी होती तेवढी पुढंही होती असं मला वाटतं. ती दाखवायची कशी, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. त्यामुळं तुमचं लहानपण कोरडं गेलं हेही खरं आहे. दोन्ही खरं असू शकतं. अण्णांना माफ करा असं मी सांगत नाही, पण "मला तसा बाप व्हायचं नाही" म्हणताना ती रात्र वगळू नका. त्या रात्रीचे अण्णा तुम्ही घ्या. पुढचं मुकेपण सोडून द्या.

येत्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, सगळ्यांना घेऊन गावी जा. शेतात कडब्याची कोप उभी राहील, पांडवांची पूजा होईल, भज्जी, उंडे, आंबील होईल. जेवणं झाली की लेकीला अण्णांच्या मांडीवर द्या आणि मुलाला त्यांच्याजवळ बसवून विचारू द्या, "आबा, भूकंप झाला तेव्हा माझे बाबा केवढे होते?" मुलाला जे बोलत नाहीत ते नातवाला बोलतात, असं पुष्कळ घरांत घडतं. नाहीच बोलले तर आग्रह नको.

बायकोशीही एक बोलून घ्या. ती तीनला पाय दुखत घरी येते आणि लेकीचा फ्रॉक उलटा, केसांचा भांग वाकडा, भाकरीचे तुकडे गाद्यांवर असं दिसलं की तिच्या तोंडून निघणारच. तिला सांगा, सकाळचं काम माझ्या पद्धतीनं होऊ दे, महत्त्वाचं चुकलं तर सांग, भांगाचं सोड. तुम्हीही ड्युटीवरच्या बाईला "डायपर कुठंय, सर्दीचं औषध किती" असे फोन करणं बंद करा. एक रविवार दोघांनी मिळून घर बघून घ्या, कपाटाचा कोणता खण कशाचा, कोणत्या औषधाची मात्रा वजनाप्रमाणे किती, आणि ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

उरला हंगाम. दसऱ्यापासून मोंढा ओसंडून वाहणार. रात्री दहापर्यंत पट्ट्या लिहायच्या, शेतकऱ्याला ताटकळत ठेवता येत नाही, हे मला कळतं. म्हणूनच सांगतो, सकाळ कुणाला देऊ नका. रात्री कितीही उशीर झाला तरी साडेसहाला उठा आणि तो वेळ मोबाइलवर भाव बघण्यात घालवू नका. लेक तुम्हाला रात्री बघणार नाही, तिला सकाळचा बाप पुरेल. चालायला लागलेली लेकरं मोठ्यांची चप्पल ओढत आणतात. एक दिवस ती तुमची एक चप्पल ओढत तुमच्यापुढं आणून ठेवेल, तोंडानं काहीतरी म्हणेल आणि दुसरी आणायला जाईल. असं काही झालं की घाईत असलात तरी खाली बसा, ती दुसरी आणेपर्यंत थांबा.

मुलासाठी एक वही आणा, साधी शंभर पानी. ती ओट्याजवळ ठेवा. रात्री आल्यावर तीन-चार ओळी त्यात लिहा, आज काय बघितलं, कुठल्या गावचा माल आला, जेवायला काय होतं. शेवटी त्याला काही लिहावंसं वाटलं तर जागा सोडा. अभ्यास, मार्क आणि उपदेश यांना त्या वहीत बंदी. आधी तो काही लिहिणार नाही, कदाचित चित्र काढेल. चित्राला उत्तर म्हणून तुम्हीही एक चित्र काढा, कसंही आलं तरी.

आणि मालकांशी दसऱ्याच्या आधी बोला. सकाळी अकराच्या आत दुकान गाठता येणार नाही, आठवड्यातला एक दिवस संध्याकाळी सातला निघावं लागेल, बदल्यात इतर दिवशी शेवटची पट्टी लिहूनच उठेन, असं सरळ सांगा. बायको ड्युटीवर असते आणि घरात लहान लेकरू आहे, हेही लपवू नका. आत्ता बोललात तर ते दुसऱ्या माणसाची सोय बघतील. हंगाम सुरू झाल्यावर त्यांना ऐकून घ्यायलाही वेळ नसेल.